येऊरच्या पायथ्याचं पुस्तकांचं कपाट: प्रकल्प नोंदी

रविवार, १९ जानेवारी २०२५

कमिटीची मंजुरी मिळाली. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराखालच्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयातलं खिडकीजवळचं कपाट रिकामं करून त्यात निसर्गाची डागडुजी आणि देशी जातींचं संवर्धन या विषयांचीच पुस्तकं ठेवायची. त्याला जोडून मागच्या उताराची पट्टी. आपल्या भिंतीपासून वनखात्याच्या कुंपणापर्यंतची (पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) ही जागा सोसायटीच्या मालकीची आहे, आजवर कुणी तिच्याकडे पाहिलेलं नाही. यंदा जूनमध्ये तिथे झाडं लावायची हे आधीच ठरलं होतं. मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला: खड्डे खणण्याआधी वाचन होऊ दे.

संध्याकाळी पट्टीची पाहणी केली. खालच्या अर्ध्या भागात सुबाभूळ आणि गिरीपुष्प ही परकी झाडं, मधे घाणेरी या परक्या झुडपाची दाट जाळी. वरच्या टोकाला एक जुना ऐन, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवरून लांबूनही ओळखू येणारा. त्याच्या आसपास कुडा, मुरुडशेंग, आसाणा आणि काटेसावर. काटेसावरीची पानं गळून गेली आहेत, कळ्या धरल्या आहेत. ऐनाच्या खाली सगळीकडे कारवीच्या झुडपांचे वाळलेले दांडे उभे.

सचिवांनी विचारलं, "हे वाळलेलं सगळं काढून घेऊ का? मार्च-एप्रिलमध्ये वणव्याची भीती असते." प्रश्न अगदी रास्त आहे. वाचून उत्तर देते असं सांगितलं.

रविवार, २ फेब्रुवारी

कपाटात पहिलं पुस्तक कोणतं यावर बराच वेळ बोलणं झालं. तरुण मंडळींना बाहेरच्या देशांतली गाजलेली पुस्तकं हवीत. ती येतीलच. माझं मत असं की पहिली जागा वनस्पतिसूचीची. इथे मुळात काय उगवत होतं हे कळल्याशिवाय "देशी" हा शब्द हवेतच राहतो. राजस्थानातला रोहिडाही देशी आणि केरळातला चाफाही देशी. येऊरच्या उताराला दोन्हींचा उपयोग नाही.

म्हणून पहिला मान थिओडोर कुक यांच्या ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ला. हे गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. सिंधपासून कारवारपर्यंतचा मुंबई इलाखा त्यात आहे, त्यामुळे प्रत्येक वनस्पतीपुढे ती कुठे सापडली ते लिहिलेलं असतं: सिंध, गुजरात, कोकण, दख्खन. मराठी नावंही दिलेली आहेत. आमच्या कामाची रीत ठरली: ज्या झाडापुढे कोकण लिहिलं असेल तेच आपल्या यादीत उमेदवार म्हणून घ्यायचं. जोडीला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड. एकदल वनस्पतींचा १९९६ चा, द्विदल वनस्पतींचे २००० आणि २००१ चे. जड, चित्रं कमी, वाचायला रूक्ष. पण भांडण मिटवायला हेच कामी येतात. आजच "काशीद आपला की परका" यावरून वाद झाला आणि पान उघडल्यावर थांबला.

मराठी पुस्तकांसाठी मी आणि दोघी जणी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आलो. १८९३ साली सुरू झालेली संस्था, तिथल्या कपाटांपुढे उभं राहिलं की आपलं एक कपाट भरणं फार अवघड वाटत नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, डॉ. शरदिनी डहाणूकरांचं ‘वृक्षगान’, मारुती चितमपल्लींची पुस्तकं अशी यादी करून आणली. चितमपल्लींना गेल्याच महिन्यात पद्मश्री जाहीर झाली, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांबद्दल सोसायटीत विचारणाही होते आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज जे वाचलं त्याने पट्टीचा सगळा आराखडा बदलला.

जोन ब्रॅडली यांचं ‘ब्रिंगिंग बॅक द बुश’, १९८८ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेलं. सिडनीच्या मोसमन भागात जोन आणि आयलीन या दोघी बहिणी राहायच्या. १९६० च्या दशकात कुत्र्यांना फिरवायला त्या जवळच्या रानात जात आणि जाता-येता परकं तण उपटत. कसलं अनुदान नाही, यंत्र नाही. वर्षानुवर्षं बघत राहिल्या आणि त्यातून त्यांनी तीन नियम बांधले. चांगल्या जागेपासून सुरुवात करून खराब जागेकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची आणि तिच्यावरचा पालापाचोळा परत जागच्या जागी ठेवायचा. आणि मूळच्या झाडांची भर किती वेगाने होते आहे त्यावरून तण काढण्याचा वेग ठरवायचा.

पहिला नियम ऐकून बैठकीत सगळे गप्प झाले. कारण आपण सगळे उलटं करतो. सगळ्यात घाणेरडा कोपरा दिसतो, तिथे जेसीबी घालतो, सगळं सपाट करतो, लाल माती पसरतो. उघडी पडलेली माती सगळ्यात आधी कोण धरतं? घाणेरी आणि रानमोडी, दोन्ही परकी तणं. मग पुन्हा साफसफाई. बहिणींचा हिशोब असा की जिथे मूळचं रान अजून शाबूत आहे तिथे बी आहे, मुळं आहेत, सावली आहे. तिथलं तण काढलं की रान आपसूक पाऊल पुढे टाकतं. आपण त्याच्या मागून चालायचं.

म्हणजे आमचं काम ऐनापासून सुरू होणार. सुबाभळीच्या दाटीला यंदा हात लावायचा नाही. काही सभासदांना हे पटायला जड गेलं, कारण बाल्कनीतून दिसते ती सुबाभूळच, वरचा ऐन कुणालाच दिसत नाही. मी नकाशा काढून नोटीसबोर्डावर लावते आहे.

रविवार, २ मार्च

कारवीचा प्रश्न सुटला.

पाटोणपाड्याकडच्या एक मावशी सोसायटीत भाजी घेऊन येतात. त्यांना वर घेऊन गेलो. दांड्यांकडे बघताच म्हणाल्या, "बाई, ही मेली नाय. फुलून गेली. तिचं बी वर बोंडात बसलंय. पाऊस पडला का तडातडा फुटंल. आता तोडाल तर बी कुठनं येनार?"

पुस्तकांतलं त्याला जुळतं. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर जांभळा करते, बी धरते आणि मरते. संजय गांधी उद्यानात ती २००८ आणि २०१६ साली फुलली होती. आमच्या उतारावरची गेल्या पावसाळ्यात फुलली, खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी फोटोही काढले आहेत. तेव्हा हे वाळलेले दांडे म्हणजे पुढच्या आठ वर्षांचं बियाणं आहे. मावशींच्या घराच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या आहेत, वरून शेणमातीचं लिंपण. त्यांना तिचं आयुष्य माहीत असणारच.

पण सचिवांची आगीची काळजीही खरी आहे. या पट्टीला लागलेली आग वर उद्यानात शिरू शकते. आल्डो लिओपोल्ड यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ कपाटात आलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधली एक उजाड, वाळूमय शेतजमीन त्यांनी १९३५ साली विकत घेतली आणि घरच्यांना घेऊन तिथे पाइन आणि मूळचं गवत परत वाढवलं. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवायला गेले असताना हृदयविकाराने ते गेले. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. आगीला कमी लेखणारं या कपाटात काहीच नाही. म्हणून मधला मार्ग: भिंतीला लागून आणि कुंपणाच्या आतून दोन जाळरेषा. तेवढ्याच पट्ट्यातलं गवत कापायचं, पाला ओढून बाजूला घ्यायचा. कारवीचे दांडे उभेच राहतील. सचिवांनी लगेच होकार दिला आणि माळीदादांना कामाला लावलं.

घाणेरीचंही ठरलं. कोयत्याने वरून छाटली की ती दुप्पट जोमाने फुटते, हे माळीदादा कधीपासून सांगत आहेत. दिल्लीचे परिसरतज्ज्ञ प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या भागात वापरलेली रीत वेगळी आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथून नवे फुटवे येतात, म्हणून जमिनीखाली दोन-तीन बोटं कुदळ घालून त्या जोडाच्या खालून मूळ तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं. माती फारशी हलत नाही, ब्रॅडली बहिणींच्या नियमातही बसतं. नंतर बुलबुल ज्या झाडांवर बसतात त्या झाडांखाली लक्ष ठेवायचं, कारण घाणेरीचं बी तेच टाकतात. ऐनाभोवतीचं एक कडं आज मोकळं झालं. खाली कुड्याची रोपं निघाली, सावलीत पिवळी पडलेली पण जिवंत.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

बैठक नाही. सकाळी गुढी उभारल्यावर काही जण वर गेलो आणि ‘ऋतुचक्र’मधला चैत्र मोठ्याने वाचला. १९५६ चं पुस्तक. मराठी महिन्यांच्या क्रमाने जातं, म्हणून ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो तो महिना वाचायचा आणि शेजारच्या वहीत आपल्या उतारावर काय दिसलं ते लिहायचं. पहिली नोंद: काटेसावरीची फुलं संपली, बोंडं हिरवी. कुड्याला कळी. आसाणा पूर्ण निष्पर्ण.

रविवार, १३ एप्रिल

आज मोठी बैठक, आणि मोठा वादही.

एका ठेकेदाराने कमिटीला प्रस्ताव पाठवला आहे: पट्टी सपाट करून देतो, माती-खत घालतो, मियावाकी पद्धतीने दर चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन वर्षांत घनदाट जंगल. बऱ्याच सभासदांना आवडला. मी विरोधात बोलले, पण मियावाकींच्या विरोधात नव्हे, आणि हा फरक लोकांना समजावा म्हणून मियावाकींचं पुस्तकच घेऊन गेले होते.

अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ, २०२१ साली गेले. एल्जीन बॉक्स यांच्यासोबत लिहिलेलं ‘द हीलिंग पॉवर ऑफ फॉरेस्ट्स’ हे २००६ चं. त्यांच्या कामाची सुरुवात रोपांपासून होत नाही. माणसाने हात काढून घेतला तर या जागी कोणतं रान आपसूक उभं राहील, हे ते आधी शोधत. त्याचा पुरावा त्यांना जपानी देवळांभोवती पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या राईंत मिळाला. म्हणजे आपल्या देवरायाच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा अभ्यास १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तोही हेच सांगतो की मूळच्या रानाचा नमुना गावाने देवाच्या नावाने जपून ठेवला आहे. ठेकेदाराच्या यादीत त्या अभ्यासाचा मागमूस नाही. यादीत सप्तपर्णी, कडुनिंब, बांबू, पेरू, जास्वंद, सगळीकडे एकच. आणि उभा असलेला ऐन, कुडा, कारवी सपाट करून त्यावर "जंगल" लावणं हे तर मियावाकींनाही मान्य झालं नसतं.

मग पर्याय काय, असा प्रश्न आला. त्याचं उत्तर मला ‘रिस्टोअरिंग ट्रॉपिकल फॉरेस्ट्स’मध्ये सापडतं. एलियट, ब्लेक्सली आणि हार्डविक, २०१३. थायलंडच्या चियांग माई विद्यापीठात १९९४ पासून चालणाऱ्या संशोधनावर उभं आहे, उष्ण कटिबंधातलं, कोरड्या ऋतूत पान गाळणारं रान त्यांना ओळखीचं आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांपेक्षा आम्हाला ते जवळचं का वाटलं, त्याचं कारण हेच. सगळी झाडं आपण लावायचीच नाहीत, असं ते सांगतात. वीस-तीस जाती निवडायच्या: उघड्या जागेत तग धरणाऱ्या, लवकर सावली करून तण दाबणाऱ्या, आणि फळा-फुलांनी पक्षी-वटवाघळं बोलावणाऱ्या. बाकीच्या जाती ते पाहुणेच विष्ठेतून आणून टाकतील. ही रीत मुळात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. अट एकच: बी आणायला जवळ मूळचं रान शिल्लक हवं. आमच्या कुंपणापलीकडे संजय गांधी उद्यान आहे. मुंबई-ठाण्यात याहून चांगली जागा किती सोसायट्यांकडे असेल?

त्या पुस्तकातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. लावण्याआधी मोजा. दर १.८ मीटरवर एखादं नैसर्गिक रोप किंवा जिवंत खुंट असेल तर लावू नका. त्याभोवतीचं गवत काढा, पाल्याचं आच्छादन करा, आगीपासून राखा. दोर घेऊन वरच्या भागात मोजलं. ऐनाभोवती लावण्याची गरजच नाही. मधल्या, घाणेरीखालून सुटलेल्या भागात आहे.

मग उमेदवारांची नावं निघाली. उंबर सगळ्यांच्या तोंडी पहिला, कारण त्याला वर्षातून अनेकदा फळ येतं आणि तांबट, हरियाल, धनेश, वटवाघळं सगळीच येतात. पांगारा, शिवण, आसाणा, कुंभा, जांभूळ, करंज. लहान झुडपांत मुरुडशेंग आणि दिंडा. माळीदादांनी मोहाचं नाव सुचवलं, तेही घेतलं. ठेकेदाराला नम्रपणे नकार कळवला.

रविवार, २७ एप्रिल

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सगळे मिळून गेलो. तिथून खाडी पाहणं हाही वाचनाचाच भाग, कारण "उघडी जमीन दिसली की झाड लावा" ही सवय मोडायला खाडीइतकी चांगली शाळा नाही.

ठाणे खाडीतलं रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, १,६९० हेक्टर. २०२२ पासून खाडीचा ६,५२१ हेक्टरचा भाग रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा वाटतो. पण रोहित खातात ते तिथेच, त्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव. त्यावर तिवर हे कांदळवनातलं झाड लावणं म्हणजे त्यांचं ताट काढून घेणं. फिलिपिन्समध्ये अशाच भरतीच्या चिखलावर केलेल्या मोठ्या कांदळवन लागवडी मरून गेल्या, कारण तिथे ती झाडं मुळात वाढणारीच नव्हती. फ्लोरिडातले कांदळवन-तज्ज्ञ रॉबिन लुईस आयुष्यभर सांगत राहिले की आधी भरतीचं पाणी नीट येतं-जातं का ते पाहा, बांध-भराव असेल तर तो काढा. बी पाण्याबरोबर येतं आणि आपली जागा धरतं. पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली २०२० साली. तिच्या फुलांच्या वेळी परत यायचं ठरलं.

कपाटासाठी निर्णय: पाणथळ जागांचा वेगळा खण.

रविवार, १८ मे

रोपांची शोधाशोध. घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांत पाम, फायकस, शोभेचा बांबू भरपूर. शिवण विचारलं तर माणूस विचारात पडतो, आसाणा तर नाहीच. शेवटी ठरलं की बी आपणच गोळा करायचं आणि पिशव्या गच्चीवर भरायच्या. बी फक्त आपल्या आवारातून, रस्त्याकडेच्या झाडांखालून आणि पाड्यावरच्या लोकांनी त्यांच्या वाडीतून दिलं तर तिथून. कुंपणापलीकडून एक शेंगही उचलायची नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि ते बी तिथल्या जनावरांचं आहे.

बियांचं पुस्तकी ज्ञान आता हाताला लागतं आहे. बहाव्याचं बी टणक, वरचं कवच थोडं घासल्याशिवाय पाणी आत जात नाही. करंज सरळ रुजतो. जांभळाचं बी सुकलं की गेलं, फळ खाल्लं की त्याच आठवड्यात मातीत. पांगाऱ्याची फांदी लावली तरी चालते.

सुबाभळीचं काय करायचं यासाठीही आज वाचलं. जोधपूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, राव जोधा पार्कमध्ये, २००६ पासून प्रदीप कृष्ण यांनी विलायती बाभूळ काढून खडकावरच्या मूळच्या मारवाडी वनस्पती परत आणल्या. ‘ट्रीज ऑफ डेल्ही’ त्यांचंच, त्याच वर्षीचं. नुसती छाटलेली बाभूळ पुन्हा फुटायची. अखेर दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या खांडवालिया कामगारांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून मुळं काढून दिली. खडकाच्या आवाजावरून तो कुठे फुटेल हे त्यांना कळतं. तज्ज्ञाचं पुस्तक आणि कामगाराचा कान एकाच कामात भेटले, हे मला फार भावलं. आमची सुबाभूळही बुंध्यातून फुटते. झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज आत्तापासून तयार ठेवायचा.

सोमवार, २६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. मे महिन्यात! पिशव्यांतली रोपं अजून चार पानांवर आहेत. कारवीची बोंडं फुटायला लागली. उभं राहून ऐकलं, मावशींनी सांगितलं तसंच तडतडतात.

रविवार, ८ जून

मधल्या भागात लागवड केली. पावसाने माती भिजून मऊ झाली होती, पहारीने केलेले लहान खड्डे पुरेसे झाले, मोठं खोदकाम केलं नाही. प्रत्येक रोपाभोवती कापलेल्या गवताचं आच्छादन. पाटी लावली नाही, फोटोसाठी कुणाला बोलावलं नाही. ५ तारखेला पर्यावरण दिनी वाचनालयात मुलांसाठी तासभर वाचन ठेवलं होतं, त्याला चांगली गर्दी झाली.

गुरुवार, १९ जून

मारुती चितमपल्ली काल सोलापुरात गेले. रात्री वाचनालय उघडं ठेवलं. ज्याला जे पान आवडतं ते त्याने वाचलं. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून, माहुतांकडून झाडा-पाखरांची नावं आणि रीती टिपून घेतल्या आणि मराठीत आणल्या. त्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी आज कुठल्याच पुस्तकात मिळाल्या नसत्या. आमच्या कपाटातली जी पुस्तकं सतत बाहेर असतात ती त्यांचीच. पाड्यावरच्या मावशींकडून ऐकलेलं यापुढे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहायचं, हे आज ठरवलं.

रविवार, २० जुलै

फुलपाखरांचा महिना. आयझॅक किहीमकर यांचं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक, २००८ चं, हातात घेऊन ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत गेलो. तिथे आधी फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी झाडं लावली, मग फुलपाखरं आली. हा क्रम महत्त्वाचा. मध देणारी परकी फुलं लावून पाहुणे येतात, पण त्यांची पुढची पिढी तिथे वाढत नाही.

अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांचं सगळं लेखन याच धाग्यावर आहे. ‘ब्रिंगिंग नेचर होम’, २००७. बहुतेक किडे ज्या वनस्पतींबरोबर लाखो वर्षं वाढले त्याच खाऊ शकतात. परक्या झाडाचं पान त्यांना अन्न वाटतच नाही. टॅलमी सांगतात की अमेरिकेतल्या चिमुकल्या चिकाडी पक्ष्याला एक वीण वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. म्हणजे स्वच्छ, एकही भोक नसलेल्या पानांची बाग पिलांसाठी उपाशी बाग. आमच्याकडे शिंपी आणि बुलबुल पिलांना अळ्याच भरवतात. खालच्या बागेतल्या लिंबाची पानं कुरतडली म्हणून फवारणीची मागणी आली होती. अळी राणी पाकोळीची निघाली, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. फवारणी रद्द झाली. तिच्यासाठी उतारावर माकडलिंबू लावायचं आहे.

आणखी एक गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथल्या रिचमंड बर्डविंग फुलपाखराच्या माद्या बागेतल्या दक्षिण अमेरिकी ॲरिस्टोलोकियाच्या वेलीवर अंडी घालतात, कारण वास ओळखीचा येतो. अळ्या ते पान खाऊन मरतात. क्वीन्सलँडच्या शाळांनी मूळची वेल लावायला घेतली. आमच्या प्रवेशद्वाराच्या कमानीवर त्याच कुळातली शोभेची वेल आहे. आपल्याकडे त्या कुळाच्या वेलींवर अंडी घालणारी फुलपाखरं आहेत, त्यांची खरी वेल ईश्वरी. मी कमिटीला पत्र दिलं आहे: कमानीवर ईश्वरी चढवूया.

रविवार, ३१ ऑगस्ट, गौरी आवाहन

सकाळी बऱ्याच घरांत तेरड्याच्या गौरी आल्या. गणपतीच्या पत्रीवरून गेल्या आठवड्यात जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते.

आघाडा, माका, डोरली, शमी, अर्जुन. पत्री म्हणजे आपल्या घरात शिरलेली वनस्पतींची पहिली यादी. पण स्टेशनबाहेरच्या जुड्यांत रानातून ओरबाडलेला कुठलाही पाला असतो. पत्रीची झाडं आपल्या उतारावर, आपल्या कुंड्यांत वाढवली तर पुढच्या वर्षी सोसायटीला बाजारातून आणावी लागणार नाहीत.

यावर कुणी म्हणालं की मग तोडणंच बंद करूया. इथे रॉबिन वॉल किमरर यांचं ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’, २०१३, उपयोगी पडलं. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत आणि पोटावाटोमी आदिवासी समाजातल्या. त्यांच्या विद्यार्थिनीने सुगंधी गवताच्या वाफ्यांवर प्रयोग केला. जुन्या रीतीने, जपून कापलेले वाफे वाढले. अजिबात हात न लावलेले खुरटले. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शेवळं काढताना कांदा ठेवतोच की आम्ही. न्हाय तर पुढल्या साली काय खानार?" ते वाक्य वहीत तारखेसह गेलं आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. वरच्या भागात कारवीची रोपं गुडघ्याखाली दाट गालिचा धरून उभी आहेत, त्यांच्यात पाय ठेवायला जागा नाही. मधल्या भागात पांगारा आणि शिवण जोरात, कुंभा रेंगाळतो आहे, जांभळाची काही रोपं गेली. घाणेरी उलटी करून ठेवली होती तिथे ती फुटलेली नाही; पण काटेसावरीखाली तिची नवी रोपं भरपूर, ती या महिन्यातच उपटायची, फळ धरायच्या आत. रानमोडी भिंतीच्या कडेने वर सरकते आहे, तिच्याकडे नोव्हेंबरच्या फुलोऱ्याआधी पाहायला हवं. न लावलेली उंबराची दोन रोपं दगडांच्या फटीत आली आहेत. कुणी आणली ते विचारायची गरज नाही, सकाळी तांबट वरच्याच फांदीवर बसतो.

कपाटाचा खालचा खण आमच्या नोंदवह्यांना दिला आहे. येऊरच्या या बाजूच्या उतारावर कोणत्या महिन्यात काय फुलतं, काय फळतं, कोण खातं, हे लिहिलेलं तयार पुस्तक आम्हाला कुठेच मिळालं नाही. ते इथे तयार होतं आहे. शाळकरी मुलांकडे आठवड्याच्या पाळ्या दिल्या आहेत. तारीख, झाड, पाहणाऱ्याचं नाव एवढं तरी प्रत्येक नोंदीत हवंच.

नोव्हेंबरची कामं: जाळरेषांची पहिली सफाई, सुबाभळीचा अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे, माकडलिंबाचं बी, ईश्वरीच्या वेलीला आधाराची जाळी, कमिटीने कमान मान्य केली आहे.

पुढच्या रविवारी कुक यांच्या दुसऱ्या खंडाचा शेवटचा भाग, गवतं. ऐनाच्या वरच्या खडकाळ तुकड्यावर कुणीच झाड सुचवू नये असं माझं मत आहे, कारण तिथे गवतच मूळचं दिसतं. पण त्यातलं एकही आम्हाला नावाने ओळखता येत नाही. ज्याच्याकडे भिंग असेल त्याने आणावं. तुरे आत्ता आले आहेत, महिनाभरात झडून जातील.